जहाजाच्या पिछाडीचे निशाण

पर्युषणात महावीर जन्मवाचनाच्या दिवशी त्रिशलामातेची चौदा स्वप्ने एकेक करून खाली उतरवली जातात. बोली लागते, घंटानाद होतो, लहान मुले पुढे सरकतात. मूर्तिपूजक श्वेतांबर परंपरेतील या चौदा स्वप्नांत आठवे स्वप्न ध्वजाचे आणि अकरावे क्षीरसमुद्राचे. दिगंबर परंपरेत स्वप्ने सोळा. त्यांत ध्वज नाही, पण समुद्र आहे आणि मत्स्ययुगलही आहे. ध्वज आणि समुद्र ही दोन चित्रे अशी पिढ्यान्‌पिढ्या समाजाच्या डोळ्यांसमोर आहेत. आयंबिलाच्या ओळीत वाचला जाणारा श्रीपाळ राजाचा रासही अर्ध्याहून अधिक समुद्रावरच घडतो. धवलशेठची पाचशे जहाजे, लोभापायी त्याने श्रीपाळाला पाण्यात ढकलणे, नवपदाचे स्मरण करीत श्रीपाळाने कोकणातील ठाण्याच्या किनाऱ्याला लागणे, हे सारे घराघरांत ठाऊक आहे. ठाण्याच्या टेंभी नाक्यावरील मुनिसुव्रतस्वामींच्या मंदिरात ही आठवण आजही जपलेली आहे.

एरंडोलसारख्या गावात मात्र समुद्र हा स्वप्नात आणि रासातच भेटणारा. अंजनीचे पात्र ही येथली पाण्याची ओळख. तरीही या गावाचा समुद्राशी संबंध नाही, असे म्हणणे चुकीचे ठरेल. एरंडोल एके काळी हातकागदासाठी प्रसिद्ध होते. जुन्या गॅझेटियरमध्ये त्याची नोंद आहे. आणि कापूस तर संपूर्ण खानदेशचाच. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला, तेव्हा खानदेशातील कापसाला सोन्याचा भाव आला. बैलगाडीतून बाजारात, बाजारातून आगगाडीने मुंबईच्या गोदीत आणि तेथून जहाजाने लिव्हरपूलला, असा तो प्रवास. शेतकऱ्याच्या, आडत्याच्या, सावकाराच्या वहीत त्या कापसाची नोंद होती. ज्या जहाजातून तो गेला, त्या जहाजाचे भाडे कोणाच्या खिशात गेले, ही नोंद मात्र खानदेशातील कोणत्याही वहीत सापडणार नाही. ते भाडे परक्या निशाणाखालच्या कंपन्यांना मिळाले.

या एका वाक्यात समुद्री निशाणाचा निम्मा अर्थ येऊन जातो. उरलेला निम्मा अर्थ त्या निशाणाखाली काम करणाऱ्या माणसांकडे आहे.

जहाजावर निशाणे अनेक असतात, आणि त्यांची कामे निरनिराळी. पिछाडीच्या काठीवर फडकते ते राष्ट्राचे निशाण. जहाजाची नोंदणी ज्या देशात, त्या देशाचे. डोलकाठीवर कंपनीचा स्वतःचा बावटा असतो. जहाज परक्या बंदरात शिरले की त्या देशाचे निशाण उजव्या बाजूस आदराने चढवले जाते. हे आदराचे निशाण फाटके, मळके किंवा उलटे चढले तर बंदराचे अधिकारी दंड करू शकतात, म्हणून नवख्या उमेदवाराला ते दोनदा तपासून घ्यायला शिकवतात. युद्धनौका जवळून गेली तर व्यापारी जहाज आपले राष्ट्रीय निशाण अर्ध्यावर आणून नमस्कार करते, युद्धनौका तसेच उत्तर देते, मग दोन्ही निशाणे पुन्हा वर जातात. भर समुद्रात, शब्दही न उच्चारता, दोन परक्यांनी केलेला हा रामराम आहे.

याखेरीज संकेतांची निशाणे. त्यांचा आंतरराष्ट्रीय संच ब्रिटिश व्यापार मंडळाने प्रथम प्रसिद्ध केला तो १८५७ साली, म्हणजे आपल्याकडे उठाव पेटला होता त्याच वर्षी. त्यात अठरा बावटे होते आणि सर्व व्यंजनांचे. स्वर मुद्दाम गाळले होते, कारण स्वर आले की बावट्यांतून भलतेसलते शब्द तयार होतील, अशी त्या सभ्य गृहस्थांना भीती होती, असे सांगतात. आजच्या संचात सव्वीस अक्षरांचे सव्वीस बावटे, दहा अंकांच्या निमुळत्या पताका, तीन पुनरुक्तीच्या आणि एक उत्तराची, अशी एकूण चाळीस निशाणे आहेत. या संकेतांचा ग्रंथ नऊ भाषांत मान्य झाला: इंग्रजी, फ्रेंच, इटालियन, जर्मन, जपानी, स्पॅनिश, नॉर्वेजियन, रशियन आणि ग्रीक. एकही भारतीय भाषा त्यात नाही, जरी त्या जहाजांवर कोळसा ओढणारे आणि दोर खेचणारे हजारो हात भारतीय होते.

जैन वाचकाला रंगांना अर्थ असतो हे नव्याने सांगायला नको. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या वेळी सर्व संप्रदायांनी मिळून जो पंचरंगी ध्वज स्वीकारला, त्यात पांढरा अरिहंतांचा, लाल सिद्धांचा, पिवळा आचार्यांचा, हिरवा उपाध्यायांचा आणि गडद निळा किंवा काळा साधूंचा. समुद्रावरही रंगच बोलतात, फक्त तेथे वाचणाऱ्याने चूक केली तर जीव जातो. तांबडा, खाच असलेला बावटा म्हणजे स्फोटक किंवा धोक्याचा माल चढवणे-उतरवणे चालू आहे. तिरपा विभागलेला तांबडा-पिवळा म्हणजे माणूस पाण्यात पडला आहे. तांबड्या-पांढऱ्या चार चौकटी म्हणजे तुम्ही संकटाच्या दिशेने चालला आहात. पांढऱ्यावर तांबडी फुली, मदत हवी. निळ्याच्या आत पांढरा आणि त्याच्या आत तांबडा चौकोन, वैद्यकीय मदत हवी. निळी-पांढरी बुद्धिबळाच्या पटासारखी चौकट आणि तिच्याखाली निळा-पांढरा-तांबडा पट्ट्यांचा बावटा, ही जोडी दिसली की समजायचे, जहाज संकटात आहे आणि त्याला तातडीची मदत हवी.

पिवळ्या बावट्याची कथा सर्वांत विलक्षण. पूर्वी पिवळे निशाण म्हणजे जहाजावर साथ आहे, दूर राहा. आजच्या संकेतात एकटा पिवळा बावटा त्याच्या अगदी उलट सांगतो: जहाज निरोगी आहे, बंदरात मोकळेपणाने येण्याची परवानगी द्यावी. २०२० साली करोनाच्या काळात जगातल्या कितीतरी बंदरांबाहेर जहाजे हे निशाण लावून उभी राहिली आणि परवानगी मिळेना. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या अंदाजाप्रमाणे त्या वर्षाअखेर सुमारे चार लाख खलाशी आणि अधिकारी कराराची मुदत संपूनही जहाजांवर अडकले होते. त्यांत भारतीयांची संख्या मोठी होती. मागच्या पिढीतील माणसे ज्या पिवळ्या निशाणाला भीत, तेच निशाण या पिढीने असहायपणे फडकताना पाहिले.

जहाजावर आयुष्य काढलेल्या माणसांच्या आठवणीत घर करून राहणारा एक बावटा म्हणजे निळ्या कापडावर मधोमध पांढरा चौकोन. त्याला दर्यावर्दी ‘ब्लू पीटर’ म्हणतात. बंदरात हा चढला म्हणजे अर्थ एकच: जहाज निघत आहे, सर्वांनी परत यावे. किनाऱ्यावर गेलेल्या खलाशाने गल्लीच्या तोंडाशी उभे राहून दुरून तो पाहिला की हातातला चहा टाकून पळायचे. रत्नागिरी जिल्ह्यातील कितीतरी घरांत बाप मुलाला निशाण दाखवून नव्हे, निशाण उतरल्यावरच भेटला. वर्षभराचा करार, मग चार महिने घर, मग पुन्हा तो निळा बावटा. सारंग, टिंडेल, सुकाणी, भंडारी या जुन्या हुद्द्यांची नावे कोकणात आडनावांइतकी ओळखीची झाली. त्या घरांतील बायका पंचांगाबरोबर जहाजाच्या फेऱ्यांचाही हिशेब ठेवीत.

आणखी एक निशाण आहे, ज्याविषयी जुने खलाशी फारसे बोलत नाहीत. समुद्रात मृत्यू आला आणि बंदर दूर असले, तर देह कापडात शिवून, वजन बांधून, राष्ट्राचे निशाण पांघरून फळीवर ठेवतात. इंजिन मंद करतात. प्रार्थना होते. मग फळी तिरपी होते. देह पाण्यात जातो आणि निशाण फळीवर राहते. ते घडी करून पुन्हा पेटीत जाते, कारण उद्या बंदरात ते लावायचे असते.

पिछाडीचे ते निशाण कोणाचे असावे, यासाठी ज्याने आयुष्य पणाला लावले, तो मनुष्य सोलापूरचा आणि जैन. वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ चा. कुटुंब मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे, दिगंबर जैन, सोलापुरात स्थिरावलेले. वडील हिराचंद नेमचंद यांचे नाव जैन समाजाला दुसऱ्या कारणानेही ठाऊक असावे: ‘जैन बोधक’ हे समाजाचे जुने नियतकालिक त्यांनी सुरू केले. मुलाने पेढीवर बसण्याऐवजी लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेची कंत्राटे घेतली. साखर, मोटारी, विमाने हे त्याचे पुढचे उद्योग सर्वपरिचित आहेत. जहाजाचा उद्योग मात्र या सर्वांहून वेगळा, कारण त्यात स्पर्धा मालाच्या भावाशी नव्हती, एका साम्राज्याच्या निशाणाशी होती.

पहिल्या महायुद्धात जहाजांची भाडी आकाशाला भिडली होती. युद्ध संपताच, १९१९ च्या आरंभी, ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांचे एक जहाज विक्रीला आहे, अशी बातमी वालचंदांना मिळाली. हे जहाज १८९० साली इंग्लंडमधील बॅरो येथे पाण्यात सोडलेले, कॅनेडियन पॅसिफिक कंपनीचे ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. पॅसिफिक महासागरावर व्हँकुव्हर ते हाँगकाँग अशा फेऱ्या त्याने वर्षानुवर्षे केल्या. युद्धाच्या आरंभी महाराजांनी ते घेऊन जखमी सैनिकांसाठी रुग्णालय-जहाज म्हणून दिले आणि नाव ठेवले ‘लॉयल्टी’, म्हणजे राजनिष्ठा. वालचंद, नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांनी मिळून कंपनी उभी केली, जहाज घेतले आणि कंपनीला नावही शिंद्यांचेच दिले: सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन.

५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाले. दुसऱ्याच दिवशी, ६ एप्रिलला, रौलट कायद्याविरुद्ध देशभर हरताळ झाला. १३ एप्रिलला जालियनवाला बाग घडली. ‘राजनिष्ठा’ नावाचे हिंदी मालकीचे जहाज हरताळाच्या आदल्या दिवशी बंदर सोडते, हा योगायोग कोणा नाटककाराने लिहिला असता तर कृत्रिम वाटला असता. पण त्याहून टोचणारी गोष्ट जहाजाच्या पिछाडीला होती. पैसा हिंदी, संचालक हिंदी, स्वप्न हिंदी. निशाण मात्र ब्रिटिश व्यापारी जहाजांचे, तांबड्या कापडाच्या वरच्या कोपऱ्यात युनियन जॅक असलेले. कायद्यानेच तसे होते. ब्रिटिश हिंदुस्थानात नोंदलेले जहाज हे ब्रिटिश जहाज. हिंदी जहाज अशी वस्तूच कायद्याच्या पुस्तकात नव्हती.

‘लॉयल्टी’ने फार कमाई केली नाही. जहाज जुने, कोळसा खाणारे, दुरुस्ती मागणारे. १९२३ मध्ये ते मुंबईतच मोडीत निघाले. हिशेबाच्या कठोर दृष्टीने पाहिले तर पहिली गुंतवणूक फसली, असेच म्हणावे लागेल. पुढची लढाई त्याहून अवघड होती. लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीने भाड्यांची कत्तल सुरू केली. मोठ्या कंपनीने तोटा सोसून भाडे खाली आणायचे, लहान कंपनीचा श्वास कोंडेपर्यंत ते खालीच ठेवायचे आणि ती मेली की पुन्हा वर न्यायचे, ही रीत जुनी. याआधी तुतिकोरिनच्या व्ही. ओ. चिदंबरम पिल्लै यांनी १९०६ साली काढलेली स्वदेशी कंपनी अशाच रीतीने संपली होती. सिंदियाला विकत घेण्याचा प्रस्तावही आला. वालचंद व नरोत्तम मोरारजींनी तो नाकारला, पण दहा वर्षांच्या करारात कंपनीला स्वतःच्या वाढीवर बंधने मान्य करावी लागली. किनाऱ्याचा व्यापार हिंदी जहाजांसाठी राखावा, यासाठी साराभाई हाजी यांनी १९२८ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणले. तेही पार पडले नाही. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त या विषमतेवर लिहिताना राक्षस आणि बुटका यांची उपमा वापरली.

भागधारकांच्या बाजूने पाहणारा कोणीही विचारील, एवढा हट्ट कशासाठी? याचे उत्तर ताळेबंदात सापडत नाही असे नाही. जहाजाचे भाडे म्हणजे परकीय चलन. विमा, दलाली, दुरुस्ती, खलाशांचा पगार, अधिकाऱ्यांचे शिक्षण, सगळे निशाणाच्या मागोमाग जाते. १९२७ पर्यंत हिंदी मुलाला जहाजाचा अधिकारी होण्याचे शिक्षणच देशात नव्हते. त्या वर्षी मुंबईत ‘डफरिन’ हे शिक्षण-जहाज सुरू झाले. त्याच्या पहिल्या तुकडीतील रामदास कटारी पुढे स्वतंत्र भारताच्या नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. तोपर्यंत हिंदी माणसाने जहाजावर असायचे ते डेकवर किंवा भट्टीपाशी. पुलावर, म्हणजे जेथून जहाज चालवले जाते तेथे, नव्हे.

मग दुसरे महायुद्ध आले. सिंदियाची जहाजे त्याच तांबड्या निशाणाखाली माल वाहत होती. ‘जलराजन’, ‘जलतरंग’ आणि ‘जलपालक’ ही जहाजे १९४२ च्या जानेवारीतच जपानी पाणबुड्यांनी बुडवली. १९४४ च्या मार्चमध्ये ‘एल मदिना’ बुडाले, तेव्हा शेकडो माणसे गेली. भारतीय खलाशांनी कोणाच्या युद्धात प्राण दिले, हा प्रश्न त्या काळी विचारला गेला आणि आजही विचारता येईल. पण ज्यांनी दिले त्यांची नोंद आहे.

मुंबईत मशीद बंदर भागात इंडियन सेलर्स होम नावाची वास्तू आहे. तेथे पहिल्या महायुद्धात मृत्यू पावलेल्या दोन हजारांहून अधिक भारतीय खलाशांचे स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातील मृतांसाठी भिंतीवर नावे कोरलेली नाहीत; ती बांधीव वह्यांमध्ये लिहिलेली आहेत. नौदलाचे सुमारे चारशे आणि व्यापारी जहाजांवरचे जवळजवळ सहा हजार. या वह्यांच्या दोन सारख्या प्रती केल्या गेल्या: एक मुंबईत, एक चितगावात. कारण खलाशी आले ते मुख्यतः दोन टोकांकडून, कोकणकिनाऱ्यावरून आणि सिल्हेट-चितगावकडून. नंतर देशाची फाळणी झाली, चितगाव पाकिस्तानात आणि पुढे बांगलादेशात गेले, पण वह्या दोन्हीकडे त्याच राहिल्या. प्रत्येकीत दोन्हीकडची नावे. ज्याने आयुष्यभर खातेवह्या पाहिल्या आहेत त्यालाही अशी वही क्वचितच भेटेल, जिच्यातील एकही खाते कधी बंद होत नाही आणि कोणीही येऊन शिल्लक विचारत नाही.

स्वातंत्र्यानंतर निशाण बदलले, पण पूर्ण नव्हे. भारतीय व्यापारी जहाजांचे निशाण आजही तांबड्या कापडाचेच आहे. फक्त वरच्या कोपऱ्यातून युनियन जॅक गेला आणि तिरंगा आला. नौदलाच्या निशाणावरील सेंट जॉर्जचा तांबडा क्रॉस २०२२ च्या सप्टेंबरमध्ये उतरला आणि तेथे शिवछत्रपतींच्या मुद्रेच्या अष्टकोनाची प्रेरणा घेतलेले चिन्ह आले, तेव्हा वर्तमानपत्रांनी मथळे दिले. व्यापारी निशाणाच्या तांबड्या रंगाकडे कोणाचे लक्ष गेले नाही. कदाचित ते बरेच झाले. त्या तांबड्या रंगाखाली बुडालेल्यांत आपलीही माणसे होती.

१४ मार्च १९४८ रोजी विशाखापट्टणमच्या सिंदिया गोदीत पंडित नेहरूंच्या हस्ते ‘जलउषा’ पाण्यात उतरले. आठ हजार टनांचे, स्वतंत्र देशात बांधलेले पहिले मोठे आधुनिक जहाज. वालचंदांनी ते पाहिले. पाच वर्षांनी, ८ एप्रिल १९५३ रोजी, म्हणजे ‘लॉयल्टी’ सुटल्याच्या तिथीला तीन दिवस उलटल्यावर, त्यांचे निधन झाले. १९६४ पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. ३० मार्चला पंतप्रधानांच्या छातीवर व्यापारी निशाणाची छोटी प्रतिकृती लावून तो सप्ताह सुरू होतो. खानदेशातील किती शाळांत हा दिवस साजरा होतो, याची चौकशी केली तर उत्तर उत्साहवर्धक मिळणार नाही.

सिंदियाच्या त्या चांगल्या दिवसांतील एक आठवण धर्मप्रवासाशी जोडलेली आहे. कंपनीच्या सूत्रधार सुमती मोरारजी यांनी १९६५ साली एका एकोणसत्तर वर्षांच्या संन्याशाला आपल्या ‘जलदूत’ या मालवाहू जहाजावर फुकट प्रवास दिला. ते भक्तिवेदान्त स्वामी प्रभुपाद. १३ ऑगस्टला कोलकात्याहून निघालेले जहाज सप्टेंबरच्या मध्यास बोस्टनला लागले. वाटेत स्वामींना हृदयविकाराचे झटके आले; तेव्हा अटलांटिक महासागर इतका शांत होता की कप्तानालाही नवल वाटले, अशी आठवण सांगतात. जैन समाजाला अशा प्रवासाचे मोल कळते, कारण १८९३ साली वीरचंद राघवजी गांधी शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेसाठी समुद्र ओलांडून गेले, तेव्हा घरच्याच माणसांचा विरोध त्यांना सोसावा लागला होता. समुद्र ओलांडणे हेच तेव्हा पाप मानले जाई.

सिंदिया आज नाही. १९८० नंतरच्या जागतिक मंदीत कर्जे वाढली, जहाजे एकेक करून गेली. आणि निशाणाचा प्रश्न पुन्हा नव्या रूपात दारात आला आहे, या वेळी एरंडोलच्याही दारात.

कारण आता समुद्रावर जायला कोकणातच जन्मावे लागत नाही. बारावीला भौतिकशास्त्र-गणित घेतलेला जळगाव, धुळे, अमळनेरचा मुलगाही परीक्षा देऊन जहाजावर जातो. पण तो ज्या जहाजावर चढतो त्याच्या पिछाडीला तिरंग्याचे निशाण असण्याची शक्यता थोडी. जगातील एकूण जहाज-टनेजमध्ये भारतीय निशाणाचा वाटा शेकडा दोनपेक्षाही कमी आहे. सर्वाधिक टनेज लायबेरिया, पनामा आणि मार्शल बेटे या तीन देशांच्या निशाणाखाली फिरते. त्यांतील लायबेरिया आणि मार्शल बेटे यांच्या नोंदणीचा कारभार प्रत्यक्षात अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील कचेऱ्यांतून चालतो. समुद्रकिनारा नसलेल्या मंगोलियाचेही निशाण जहाजांवर फडकते. त्याचे काम सिंगापूरहून होते. मालक एका देशाचा, व्यवस्थापन दुसऱ्या देशात, विमा तिसऱ्या देशात, खलाशी चौथ्या देशाचे आणि निशाण पाचव्याचे, कारण तेथे कर कमी आणि तपासणी सैल. यालाच सोयीचे निशाण म्हणतात. १९८२ चा समुद्रविषयक आंतरराष्ट्रीय करार म्हणतो की जहाज आणि निशाणाचा देश यांच्यात खरा संबंध असला पाहिजे. खरा म्हणजे किती, हे त्यात सांगितलेले नाही.

सगळीच परकी निशाणे वाईट, असा याचा अर्थ नव्हे. मोठ्या नोंदण्यांखालील कितीतरी जहाजे उत्तम चालतात, पगार वेळेवर होतात. पण जहाजमालक बुडाला किंवा त्याने हात वर केले, तर बंदरात अडकलेल्या मुलाने कोणाच्या दारात जायचे, याचे पहिले उत्तर निशाणच देते. जहाज सोडून देणे, म्हणजे पगार, अन्न, परतीचे तिकीट काहीही न देता माणसांना जहाजासकट टाकून देणे, ही आजची खरी घटना आहे. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघाने २०२४ या एका वर्षात अशी ३१२ जहाजे आणि ३,१३३ खलाशी मोजले. त्यांत सर्वाधिक खलाशी भारतीय होते.

संरक्षण नाही, असे नाही. ते मागावे लागते. सागरी कामगार करार २००६ ला भारताने २०१५ मध्ये मान्यता दिली. त्याच्या २०१७ पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे, दोन महिने पगार थकला तरी खलाशाला ‘सोडून दिलेला’ मानता येते, आणि चार महिन्यांपर्यंतचा थकीत पगार व घरी परतण्याचा खर्च विम्यातून मिळू शकतो. त्या विम्याचे प्रमाणपत्र जहाजावर सर्वांना दिसेल असे लावलेले असले पाहिजे. भारतात भरती करणाऱ्या कंपनीजवळ नौवहन महासंचालनालयाचा परवाना असलाच पाहिजे. तो क्रमांक महासंचालनालयाच्या यादीत पाहता येतो. परवाना नसलेला दलाल लाखभर रुपये मागतो, अनोळखी निशाणाच्या जुनाट जहाजावर पाठवतो आणि मग फोन उचलत नाही, हा प्रकार आता खेड्यापाड्यांपर्यंत पोचला आहे. बापाने जमिनीवर कर्ज काढून हे पैसे भरलेले असतात. धवलशेठ काही रासातच राहिला नाही.

तेव्हा घरात अशी संधी आली की पगाराचा आकडा पाहण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली, जहाजाचा आयएमओ क्रमांक. हा सात आकडी क्रमांक जहाजाला एकदाच मिळतो. मालक बदलो, नाव बदलो, निशाण बदलो, तो बदलत नाही. ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’चे ‘लॉयल्टी’ झाले तशी आजही जहाजांची नावे बदलतात, कधी आधीचे कर्म झाकण्यासाठीच. क्रमांकावरून जुना इतिहास उघडतो. दुसरी गोष्ट त्याहून सोपी. मुलगा जहाजावर चढला की पहिल्या दिवशी घरी फोटो पाठवतो. पुलावरचा, समुद्राचा, पांढऱ्या गणवेशातला. त्याला सांगावे, एक फोटो धक्क्यावरून जहाजाच्या पिछाडीचा काढून पाठव. तेथे नावाखाली नोंदणीच्या बंदराचे नाव रंगवलेले असते, मोनरोव्हिया, पनामा, माजुरो किंवा मुंबई, आणि त्याच्यावर निशाण असते. वाऱ्याने ते गुंडाळले गेले असेल तर थोडे थांबून काढ, म्हणावे.